नववी ब आणि दमलेल्या बाई

एका वर्गात, एकाच तासाला दोन शिक्षक शिरले तर त्या वर्गाला दिवाळीच!

नववी बच्या पुढच्या दारातून सुनीती केळुसकर आत आली. एका हातात खडू-डस्टर, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा. आणि त्याच क्षणी मागच्या दारातून एक उंच, सावळा माणूस आला. त्याच्याही हातात खडू-डस्टर! अर्धा वर्ग तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, अर्धा त्याच्याकडे. नमस्ते नक्की कुणाला म्हणायचं, हे कुणालाच कळेना.

"तुमचा वर्ग चुकला वाटतं," सुनीती म्हणाली.

"ही नववी ब ना?"

"हो."

"पाचवा तास, विज्ञान?"

"पाचवा तास, गणित."

त्या माणसानं खिशातून वेळापत्रकाची घडी काढली आणि बाकांमधून चालत येऊन तिच्यापुढे धरली. सुनीतीनं पाहिलं. गुरुवार, पाचवा तास, नववी ब. विज्ञानाच्या शिक्षकांच्या तक्त्यात बरोबर तिथंच तास होता, आणि तिच्या स्वतःच्या तक्त्यातही तिथंच होता.

आता गंमत अशी, की शाळेचं वेळापत्रक सुनीतीच करायची. ती गणिताची बाई, म्हणून ते काम कधीतरी तिच्या गळ्यात पडलं आणि मग तिथंच राहिलं. दर मे महिन्यात शेजारणी कुरडया घालत असायच्या, तेव्हा ही जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून कुणाचा तास कुठे बसवू, म्हणून डोकं धरून बसलेली असायची. पण आजवर एक तास दुसऱ्यावर चढला असेल तर शपथ! बेलापूरच्या त्या शाळेत कुणीही डोळे मिटून तिच्या वेळापत्रकावर विसंबावं. आणि आता बघा.

"चूक... माझी आहे," ती म्हणाली. त्या तीन शब्दांच्या मध्ये एक लांब श्वास जाऊन आला.

"मग शिक्षा?" त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

वर्ग फिस्सकन हसला.

"तुम्ही घ्या तास. मी जाते स्टाफरूममध्ये."

"छे, छे! आल्या आल्या बाईंना वर्गाबाहेर काढलं, असं नाव व्हायचं माझं. तुम्ही घ्या. मी बसतो की मागच्या बाकावर. गणित माझंही कच्चंच आहे."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो खरंच जाऊन बसला! गुडघे बाकात मावेनात, तेव्हा पाय बाहेर काढून बसला. सुनीतीनं समीकरण फळ्यावर लिहायला घेतलं. थोड्या वेळानं मागून हात वर झाला.

"बाई, मागं दिसत नाही. अक्षर जरा मोठं काढा की."

सुनीती वळली. इतका वेळ हसू दाबून बसलेला वर्ग तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"नाव काय तुमचं?"

"अभिराम चौगुले."

"चौगुले, दिसत नसेल तर पुढच्या बाकावर येऊन बसा. आणि पुन्हा मध्ये बोललात तर अंगठे धरायला लावीन."

वर्गानं असं काही छप्पर डोक्यावर घेतलं म्हणता! शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. सुनीती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिलाही हसू येत होतं. हे वाक्य आपल्या तोंडून गेलं, याचंच तिला नवल वाटत होतं. अशी ती बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलली नव्हती.

सुनीती तिशीला आलेली होती आणि दमलेली होती. आजारबिजार काही नव्हता. झोपून उठलं की जायचा तो थकवा वेगळा, हा तसा नव्हता. सकाळी उठून डबे, मग शाळा, शाळेतून नेरूळला घरी, की आईचे गुडघे शेकायचे, पिंप भरून ठेवायचं, निवृत्त झालेल्या आप्पांशी दोन शब्द बोलायचे, धाकट्या निशांतची इंजिनिअरिंगची रड ऐकायची आणि मग पेपर तपासायला बसायचं. बघायला स्थळं यायची पूर्वी. शेवटचा जो मुलगा आला, त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवून ती समोर बसली आणि तो आपल्या ऑफिसचं काहीतरी सांगत असताना खुर्चीतच तिचा डोळा लागला. घोरली नाही, एवढंच नशीब! त्यानंतर तिनं घरी सांगून टाकलं, आता पुरे. लग्न, प्रेम वगैरे म्हणजे तिला जादा तास वाटायचा. दिवसाचे सगळे तास घेऊन झाल्यावर हा आणखी एक कोण घेणार?

तर असा तो अभिराम चौगुले. मूळचा इस्लामपूरचा. कळंबोलीला लोखंड बाजारात मामाचं दुकान होतं, त्याच्याकडे राहायचा. शाळेत आला होता तो लीव्ह व्हेकन्सीवर. सुचिताबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्या परत येईपर्यंत त्यांच्या जागी. म्हणजे पाहुणाच. पाहुण्या मास्तरला स्टाफरूममध्ये खुर्ची कोण देतो? तो आपला कपाटाला टेकून उभ्यानं चहा प्यायचा.

हे पहिल्यांदा खटकलं पुतळामावशींना. पुतळामावशी म्हणजे शाळेची घंटा आणि शाळेचा चहा. खाडीकाठच्या गावातल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि मोठ्या बाईंनासुद्धा अगं-तुगं करणाऱ्या एकट्याच.

"बाय, तुज्या बाजूच्या खुर्चीवं वह्या बसल्यान," त्या सुनीतीला म्हणाल्या, "आनि मानूस उबा हाय. वह्यांचं पाय दुखतान का?"

सुनीतीनं मुकाट्यानं वह्यांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. अभिराम येऊन बसला.

"उपकार झाले," तो म्हणाला. "कपाटाला पण जरा विश्रांती."

"कपाटाला सवय झाली होती तुमची."

"आणि बाकी कुणाला?"

"बाकी सगळे कामात आहेत," सुनीती म्हणाली आणि लाल पेन उचलून तपासायला लागली. पण त्या पानावरचं उत्तर बरोबर होतं, आणि तिनं त्याच्यावर फुली मारली होती.

गुरुवारची चूक तिनं त्याच दिवशी दुरुस्त केली. तिचा नववी बचा पाचवा तास रोज मधल्या सुट्टीनंतर होता, तो तसाच राहिला. त्याचा तिसरा झाला. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की नववी ब सुधारलीय. पूर्वी मधल्या सुट्टीनंतर त्या वर्गात जायचं म्हणजे बाजारात जाणं. आता ती दारात आली की पोरं गुपचूप उभी राहायची. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला, काळाभोर. खिडक्या उघड्या. खुर्चीसुद्धा न डुगडुगणारी. खडूच्या धुळीनं तिला खोकल्याची उबळ यायची, ती येईनाशी झाली. तिनं एकदा मॉनिटरला उभं करून शाबासकी दिली. "तेजस, फळा फार छान ठेवतोस हं." तेजसचे कान लाल झाले. वर्गात कुणीतरी खुसखुसलं. विनय असेल पोराचा, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, आपल्या शिकवण्याचा काही परिणाम होतोय, म्हणून ती मनातल्या मनात खूश झाली.

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला होता. शाळा सुटली की सुनीती बसस्टॉपवर उभी राहायची, छत्री खांद्याशी टेकवून, वजन कधी या पायावर कधी त्या पायावर. आणि शेजारी अभिराम.

"तुमचा स्टॉप समोर आहे," ती एकदा न राहवून म्हणाली.

"माहीत आहे की."

"कळंबोलीची बस आत्ताच गेली."

"फार गर्दी होती."

"रिकामी होती."

"तेच तर! रिकाम्या बसमध्ये एकट्यानं बसायची भीती वाटती मला."

ती हसली. अगदी मनापासून, तोंडावर हात न ठेवता. छत्रीच्या काडीवरून पाणी त्याच्या बाहीवर ठिबकत होतं, पण तो जागचा हलला नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही हसलात ना, की शाळा सुटल्यासारखं वाटतं."

"शाळा सुटलेलीच आहे, सर."

"व्हय की? मग बरोबर."

तिची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. काचेतून पाहिलं तर तो भिजत रस्ता ओलांडत होता आणि उगीचच हसत होता. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "आज काय गं, दमली नाहीस?" सुनीतीला एकदम लाज वाटली. "दमले तर," ती घाईनं म्हणाली आणि पिंप भरायला गेली.

असं चाललं होतं. चालू राहिलं असतं तर किती बरं झालं असतं! पण सुचिताबाईंचं रुजू व्हायचं कळलं. सहा सप्टेंबर. म्हणजे अभिरामचा शेवटचा दिवस पाच, शिक्षक दिनाचा.

त्या संध्याकाळी स्टॉपवर तो नेहमीसारखा बोलत नव्हता. चपलेच्या टोकानं चिखलात रेघा ओढत होता.

"इस्लामपूरच्या शाळेत जागा निघालीय," तो शेवटी म्हणाला. "पक्की. घरापासून चालत जाण्यासारखी. पाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन करून हो-नाही कळवा म्हणालेत."

"अरे वा," सुनीती म्हणाली. आवाज अगदी नीट आला. "चांगलं झालं की."

"घरचेपण तेच म्हणतात... इकडं द्रोणागिरीला एक नवी शाळा सुरू होतीय. तिथंही विचारलंय मला. पण तिथलं सगळंच कच्चं. भिंतींचा गिलावा अजून ओला आहे. तिथं राहायचं तर राहायला काहीतरी कारण पाहिजे माणसाला."

पाऊस तिच्या छत्रीवर वाजत होता. तो तिच्याकडे पाहत होता. थट्टेचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर.

"तुम्ही सांगा, बाई. काय करू?"

आता सुनीती काही दुधखुळी नव्हती. काय विचारलं जातंय, ते तिला नीट कळलं. राहा म्हणावंसं वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ सगळं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. आईचे गुडघे, निशांतचं शेवटचं वर्ष, आप्पांचा चेहरा, नातेवाईक, बैठका, बोलणी, रुसवेफुगवे... कोण करणार हे सगळं? कुठून आणायचं बळ?

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी फार दमलेय हो, सर. मला माझंच काही ठरवता येत नाही, तुमचं काय सांगू?"

त्यानं मान हलवली.

"बरं. नाही विचारत."

रागावला नाही, हेच वाईट. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या स्टॉपवर उभा राहू लागला. त्याचाच तर स्टॉप तो! मध्ये रस्ता, रस्त्यावर पाणी, ट्रक जायचे धडधडत, आणि पलीकडे तो, रुमाल डोक्यावर टाकून. पहिलीच बस आली की चढून जायचा. सुनीतीला रोज वाटायचं, आज हाक मारू. पण नेमकी चाचणीची बंडलं उरावर असायची, नाहीतर आईला रात्रभर कळा आलेल्या असायच्या, आणि मग वाटायचं, उद्या. उद्या करता करता शिक्षक दिन उजाडला.

शिक्षक दिनाला त्या शाळेत पोरं शिक्षक होत आणि शिक्षकांना सुट्टी. सुट्टी म्हणजे काय, तर स्टाफरूममध्ये हातावर हात ठेवून बसायचं. दमलेल्या माणसांना बसायला लावलं की ती आणखीच अवघडतात. कुणी कपाट आवरत होतं, कुणी उगीच खिडकीतून वर्गांकडे पाहत होतं. अभिराम सगळ्यांचा निरोप घेत फिरत होता. सुनीतीपाशी आला, "येतो, बाई" म्हणाला. ती "हं... बरं" म्हणाली. झालं, एवढंच. नववी बची दोन पोरं नाटकासाठी डस्टर मागायला दारात आली होती, त्यांनीही ते ऐकलं. आणि तो पुढे गेल्यावर तिनं स्वतःला अशा काही शिव्या घातल्या, की त्या गणिताच्या बाईला येत असतील असं कुणाला वाटलं नसतं.

शेवटच्या तासाला सगळी शाळा हॉलमध्ये जमे. तिथं त्या शाळेची एक रीत होती. वर्षभर ज्यांनी आपल्याला उभं-आडवं झापलं, त्यांची पोरांनी नक्कल करायची, आणि शिक्षकांनी पुढच्या रांगेत बसून ती बघायची. त्यात शिपाई, क्लार्क, मावशी, कुणालाच सूट नाही. यंदा पाळी नववी बची होती.

आधी क्लार्क वामनराव झाले. एक पोरगा मस्टर छातीशी धरून दारात उभा राहिला आणि धापा टाकत येणाऱ्या शिक्षकांच्या नाकासमोर ते मिटून घेतलं. खरे वामनराव सगळ्यांत जास्त हसले. मग पोरांनी पुतळामावशींना हाताला धरून नेलं आणि थेट मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिका सुमित्राबाईंच्या खुर्चीत बसवलं. एका मुलीनं त्यांच्यासाठी चहा आणला, दुसरीनं त्यांच्याऐवजी घंटा वाजवली.

"मावशी, आज तुमाला सुट्टी," मुलगी म्हणाली.

"सुट्टी कसली, बेस वाजव की जरा! पोरांना ऐकू नको जायला?" मावशी ओरडल्या आणि मग पदरानं डोळे टिपायला लागल्या. हॉल टाळ्यांनी दणाणला. मोठ्या बाई स्वतः उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

आणि मग जाई नावाची चुणचुणीत मुलगी आईची साडी नेसून, वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. गठ्ठा टेबलावर ठेवला. एक हात टेबलावर टेकला. डोळे मिटले. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग लांब श्वास सोडून म्हणाली, "हं... चला."

हॉल कोसळला! सुनीतीलाही हसू फुटलं.

"आवाज नको," जाई म्हणाली, थेट सुनीतीच्या आवाजात. "ज्याला बोलायचंय त्यानं बाहेर जाऊन बोलावं. मला बोलायला लावू नका."

पुन्हा हशा. पण सुनीतीचं हसू ओसरलं. आपण इतक्या दमलेल्या दिसतो? आणि ही पोरं रोज बघतात हे?

"मधली सुट्टी!" कुणीतरी ओरडलं. जाई आत गेली आणि तेजस आला. मोठ्या माणसाची पँट, दुमडलेल्या बाह्या, चालण्यात तो इस्लामपुरी झोक. चौगुले सर! त्यानं इकडे-तिकडे पाहिलं, चोरासारखा स्टेजवरच्या फळ्यापाशी गेला आणि ओल्या फडक्यानं फळा पुसायला लागला. वरपासून खालपर्यंत, कोपरे धरून. मग खिडकी उघडली. खुर्ची हलवून पाहिली, डुगडुगली, तशी ती उचलून दुसरी आणून ठेवली. मग समोर बोट नाचवून म्हणाला:

"हे बघा, बाईंना खडूची धूळ सोसत नाही. खोकला येतो. पाचव्या तासाला कुणी आवाज करायचा नाही, बाई दमलेल्या असत्यात. आणि हे बाईंना सांगायचं न्हाई. काय?"

"न्हाई, सर!" हॉलच्या मध्यावरून सगळी नववी ब एका सुरात ओरडली.

जाई परत आली होती, फळ्याकडे पाहून म्हणत होती, "शाबास तेजस, फळा फार छान ठेवतोस हं," आणि लोक पोट धरून हसत होते. पण सुनीतीला काही ऐकू येत नव्हतं. रोज? पावसाळाभर, रोज? आणि गेला आठवडाभर, समोरच्या स्टॉपवर जायला लागल्यावरसुद्धा? हो, फळा तर कालही पुसलेला होता. तिनं मान वळवून पाहिलं. अभिराम भिंतीपाशी उभा होता, चोरी पकडल्यासारखा, मान खाली घालून.

नाटकात आता सर निघाले होते. तेजसनं खांद्याला पिशवी लावली. "येतो, बाई. उद्यापासून मी नाही."

जाईनं वहीतून डोकंही वर केलं नाही. "हं... बरं."

कुणीतरी हसलं. मग आपोआप सगळे गप्प झाले. तेजस पिशवी सावरत उभा राहिला, जाईनं प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. संपलं होतं. टाळ्या सुरू झाल्या.

"जाई, थांब. हे चुकलं."

सुनीती उभी होती. आपण कधी उठलो, हे तिला स्वतःलाही कळलं नव्हतं.

"अगं सुनीती, नाटक आहे ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो बाई. पण चुकीचं उत्तर तसंच सोडून मुलांना घरी पाठवायचं नसतं."

जाई भांबावली. "काय चुकलं, बाई?"

"शेवट."

"मग... बाई काय म्हणतात शेवटी?"

सगळी शाळा बघत होती. सुनीतीनं साडीचा काठ मुठीत घट्ट धरला.

"म्हणतात... जाऊ नका."

गुणी मुलगी ती. लगेच तेजसकडे वळली आणि हुबेहूब सुनीतीच्या आवाजात म्हणाली, "हं... जाऊ नका, सर."

"असं नाही. इतकं दमून नाही म्हणायचं."

"पण बाई, तुम्ही असंच बोलता..."

"ठाऊक आहे मला. तू बस. मी म्हणते."

ती भिंतीकडे वळली. अभिरामनं मान वर केली. त्या क्षणी तिला भीती वाटली का? खूप वाटली. पण गप्प राहण्याचीच आता जास्त वाटत होती.

"सर, जाऊ नका. विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. दमले होते. आजही दमलेच आहे, उद्याही दमेन. पण तुम्ही गेलात तर... तर माझ्यापाशी दमण्याशिवाय दुसरं काही उरायचंच नाही."

एरवी प्रत्येक गोष्टीवर उत्तर तयार असलेला तो माणूस थट्टा न करता मोठ्या बाईंकडे वळला.

"बाई, इस्लामपूरला एक फोन करायचा होता. ऑफिसातून केला तर चालेल?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "वामनराव, फोनचं कुलूप काढा."

"पण बाई, एसटीडी..."

"काढा म्हणते ना!"

मग नववी बनं जो काही गोंधळ घातला, तो थांबवायच्या फंदात कुणी पडलं नाही. सुनीती अजून उभीच होती. पुतळामावशी खुर्चीवरून उठल्या, तिला खांद्याला धरून त्यांनी त्याच खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"पी बाय, पानी पी. कवाची वाट बगतंय मी."

शाळा रिकामी झाली. पाऊस ओसरला होता, नुसती भुरभुर होती. अभिराम ऑफिसातून बाहेर आला तेव्हा सुनीती व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली होती. तोही येऊन बसला. थोडं अंतर ठेवून. मग थोडं कमी करून.

"नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "उद्यापासून मी बिनकामाचा."

"द्रोणागिरी फार लांब आहे," ती म्हणाली. "रोज जाऊन-येऊन दमाल."

"दमणार की."

"मग?"

"मग काय? संध्याकाळी तुमच्या शेजारी येऊन बसायचं. दोघांनी मिळून दमायचं."

सुनीतीचा हात पायरीवर होता. त्यानं आपला हात त्यावर ठेवला, अगदी हलका, आणि तिनं तो काढून घेतला नाही. खडूनं कोरडे पडलेले दोन हात ते. तिला एकदम झोप येतेय असं वाटलं. अशी शांत झोप तिला कितीतरी दिवसांत आली नव्हती.

"आप्पांना भेटायला कधी येता?" तिनं विचारलं.

"म्हणाल तेव्हा. आज?"

"आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही."

"चढू की," अभिराम म्हणाला. "प्रत्येक मजल्यावर बसत बसत चढू."